रॉलीच्या खांबावरचे बिऱ्हाड

टुरानी हेड्स,
८ नोव्हेंबर

प्रिय रॉली,

चौदा महिन्यांच्या मौनानंतर पत्राचा प्रारंभ कसा करावा, या प्रश्नावर मी गेल्या तीन दिवसांत तीन मसुदे सिद्ध केले. पहिल्यात हवामान होते. दुसऱ्यात तुझ्या गुडघ्यांची चौकशी होती. तिसऱ्यात केवळ तुझे नाव आणि त्यापुढे एक स्वल्पविराम होता. तिन्हींत तिसरा मला अधिक प्रामाणिक वाटला, म्हणून त्यालाच पुढे नेत आहे. तुझ्या भगिनीच्या त्या मेंढ्यांच्या मुलखात, समुद्रापासून आठ तासांवर, हे पत्र तू उभ्या उभ्या वाचशील आणि अर्ध्यावर घडी घालून खिशात टाकशील, याची मला पूर्ण कल्पना आहे. तथापि शेवटपर्यंत वाच, एवढीच नम्र विनंती. मधला शब्दविस्तार ही माझी जन्मजात व्याधी आहे आणि त्यावर औषध नाही, हे तू तीस वर्षे जाणतोस.

वार्ता अशी : आपल्या बोल्स क्लबच्या आवारात तू उभारलेल्या खांबावर, जमिनीपासून चौदा मीटर उंचीवर, या क्षणी मासेमार ऑस्प्रे पक्ष्याचे एक पिल्लू पंख पसरून उभे आहे. वय नऊ आठवडे, मुद्रा अप्रसन्न. आकाशात त्याने अद्याप पदार्पण केलेले नाही. येत्या आठ-दहा दिवसांत ते उडाले, तर त्या खांबावरून उडालेला तो पहिला जीव ठरेल. न उडाले, तर गेल्या वर्षीच्या दोन अंड्यांच्या शेजारी त्यालाही बसवावे लागेल. आणि ती दोन अंडी या गावात कोणाच्या नावावर मांडली गेली, ते तुला मी सांगायला नको. म्हणून हे पिल्लू उडावे, अशी इच्छा इथे पुष्कळांची आहे; पण माझ्याइतकी निकडीची ती कोणाचीच नाही. कारण यथावकाश निवेदन करतो. मी सचिव आहे. कार्यक्रमपत्रिका डावलून पुढे जाणे माझ्या प्रकृतीला मानवत नाही.

तर विषय पहिला, दांपत्याचे पुनरागमन. गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या त्या प्रकारानंतर ती दोघे या गावाचे तोंड पुन्हा पाहणार नाहीत, असे मी गृहीत धरले होते. मे महिन्यातल्या एका मंगळवारी नोलीन क्लबच्या स्वयंपाकघरातून धावत माझ्या कचेरीत आली. नोलीनला धावताना मी यापूर्वी एकदाच पाहिले होते, आणि तेव्हा तळणीने पेट घेतला होता. “सेक्रेटरीसाहेब, उठा! आलीत ती दोघं. त्यानं काठी आणलीय आणि ती त्याच्यावर खेकसतेय, की हीच आणायची होती का म्हणून. अगदी आमच्या घरासारखं चाललंय बघा!” मी बाहेर आलो. खांबावर बर्ट अपराधी चेहऱ्याने बसला होता, आणि डेल्फिन त्याने आणलेली काठी उचलून एक इंच डावीकडे ठेवत होती. ही नावे तूच ठेवलीस, हे सभासद आता विसरले आहेत. मी विसरलेलो नाही. दिवाणखान्यातल्या तसबिरीतल्या, संस्थापकांच्या दिवंगत पत्नीकडे बोट दाखवून तू म्हणाला होतास, “ती बघ, वरची बया डेल्फिनबाईंसारखीच बघते. आपलं काहीतरी चुकलंय असं वाटायला लागतं.” वर्षाकाठी तू उच्चारलेल्या एकंदर वाक्यांपैकी ती दोन होती, म्हणून नीट लक्षात आहेत.

काठ्या येत राहिल्या आणि काठ्या पडत राहिल्या. बर्टने आणावी, डेल्फिनने मांडावी आणि खाडीवरून वारा आला की ती पांढऱ्या, तुकतुकीत मचाणावरून सुळकन घसरून खाली हिरवळीवर यावी. आपली संस्था, एका लहानग्या पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपापला चेंडू घरंगळत नेऊन ठेवणे या एकमेव जीवनध्येयाला वाहिलेली असल्यामुळे, हिरवळीवर काठी पडणे हे इथे घोर पातक गणले जाते. सभासद रोज सकाळी काठ्या वेचत आणि रोज सकाळी कोणीतरी म्हणे, “रॉलीनं पक्ष्यांना मैदान करून दिलंय, घर नाही.” हे वाक्य आता गावात इतके रुळले आहे की मच्छी उतरवणाऱ्या धक्क्यावरही ऐकू येते. मीही ऐकत असे. प्रतिवाद करण्याचा अधिकार मला होता. इच्छेची मात्र वानवा होती.

तुझ्या त्या तीन आठवड्यांची मला वारंवार आठवण येते. ही जोडी आधी आपल्या प्रकाशझोतांच्या खांबावर संसार मांडू पाहत होती, दिव्यांच्या तारांना काठ्या टेकवून. कोणी सुचवले, झाडून टाका. दुसऱ्या दिवशी त्या दिव्यांची जोडणी तोडलेली होती, आणि तू माझ्या टेबलावर एक कागद ठेवलास : विजेचा जुना लाकडी खांब मिळतो आहे, मचाण मी करतो. शेडमधून पुढे तीन आठवडे करवतीचा आवाज येत राहिला. जो मनुष्य गवत तीन मिलिमीटरांवर कापतो, पहाटे गुडघ्यांवर बसून हिरवळीवर पाणसळ टेकवतो आणि बुडबुडा केसभर सरकला तरी दिवसभर जेवत नाही, त्याच्या हातून काही ओबडधोबड निघेल यावर कोण विश्वास ठेवणार? तुझी कीर्तीच तुझ्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली. उद्घाटनाला नगराध्यक्षा आल्या, पावात सॉसेज आणि परतलेला कांदा घालून सर्वांना वाटण्यात आला, अस्मादिकांनी अकरा मिनिटांचे भाषण केले, आणि स्थानिक वृत्तपत्रात छायाचित्र आले : खांबाच्या माथ्यावर लग्नातल्या केकसारखे शुभ्र, चकाकणारे मचाण. त्या छायाचित्रात तू कडेला उभा आहेस आणि वर न पाहता जमिनीकडे पाहतो आहेस. मी ते चित्र कचेरीत लावले होते. जूनमध्ये काढून ठेवले.

मग तो ऑगस्ट. पश्चिमेचा कोरडा वारा आपल्याला नवा नाही. पण त्या दुपारी तो उसाच्या शेतांवरून असा आला की पार्किंगमधले फलक उडून नदीत पडले. आपण दोघे खिडकीत उभे होतो. घरटे तुटले नाही, विस्कटले नाही. कोणीतरी ताट तिरके करावे तसे अखंडच्या अखंड सरकले आणि कडेवरून खाली आले. डेल्फिन शेवटच्या क्षणापर्यंत त्यावर बसून होती. दोन अंडी. एक फुटले होते, आणि दुसरे हिरवळीवर घरंगळत जाऊन न फुटता थांबले होते, हे अधिक वाईट होते. तू ते उचलून शर्टाच्या आत धरून बसलास. मला तेव्हा काहीतरी बोलायला हवे होते. मी शुक्रवारपर्यंत थांबलो, आणि मग जे बोललो ते बोललो.

ते शब्द इथे पुन्हा लिहिणे मला भाग आहे, कारण तू नसताना ते मी स्वतःला सौम्य करून सांगत आलो आहे. बक्षीस म्हणून मांसाची ताटे ठेवलेली शुक्रवारची सोडत. हातात ध्वनिवर्धक, सभागृहात साठ माणसे, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. वातावरण हलके करणे हे सचिवाचे आद्य कर्तव्य आहे, असा माझा समज होता. मी म्हणालो, “सभासदहो, एक आनंदवार्ता! आपल्या रॉलीनं पक्ष्यांना अशी अव्वल हिरवळ करून दिली, की त्यांचं अंडंसुद्धा बरोबर मध्यावर जाऊन थांबलं. आपल्या पहिल्या संघाला गेल्या हंगामात हे एकदाही जमलेलं नाही!” साठही माणसे हसली. इतके भरघोस हास्य मला त्यापूर्वी कधी लाभले नव्हते. तू अर्धा ग्लास टेबलावर ठेवलास, खुर्चीवरचा कोट उचललास, आणि जाताना दार आवाज न करता लावलेस. सोमवारी माझ्या टेबलावर शेडची किल्ली होती, आणि तिच्याखाली एका ओळीचा राजीनामा होता. एका ओळीतही तू ‘आभारी आहे’ लिहिलेस. ते ‘आभारी’ मी अजून पचवू शकलेलो नाही.

विषय दुसरा : टॅम्सिन. ही तिशीतली तरुणी उत्तर किनाऱ्यावरच्या एक्केचाळीस घरट्यांच्या जन्ममृत्यूची नोंद ठेवते आणि मनुष्यजातीशी अत्यावश्यक तेवढेच बोलते. तुझे आणि तिचे छान जमेल. जूनच्या आरंभी ती आली, दुर्बिणीतून पाच मिनिटे वर पाहत राहिली, आणि मला म्हणाली, “हे मचाण कोणी केलं? यावर मुंगीसुद्धा पाय घसरून पडेल. अंडी घालायच्या आत खरवडून काढायला हवं, नाहीतर याही वर्षी तेच.” तिने परवानगी आणली, लांब हाताची, टोकाला पाळणा लावलेली गाडी आणली, आणि पाळण्यात तिच्याबरोबर कोण चढणार असे विचारताच प्रस्तुत पत्रलेखकाने हात वर केला. नोलीन खो खो हसली. “तुम्ही? खुर्चीवर चढून बल्ब बदलायचा म्हटलं तर तुम्हाला घेरी येते! उतरवणार कोण तुम्हाला, पक्षी?” मी उत्तर दिले की पदाची जबाबदारी उंचीनिरपेक्ष असते. प्रत्यक्षात चौथ्या मीटरवर माझ्या जबाबदारीने डोळे मिटून घेतले होते.

वर डेल्फिन आमच्याभोवती घिरट्या घेत शीळ घालत होती, आणि मी हातात खरवडणी घेऊन रंग काढत होतो. प्रथम पांढरे पापुद्रे निघाले. त्यांच्याखाली पुट्टी होती. आणि पुट्टी निघाली तेव्हा तिच्याखाली, रॉली, तुझ्या करवतीच्या खाचा होत्या : आडव्या आणि उभ्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या खोल, वीत-वीत अंतरावर. कडेने सोळा भोके होती, लाकडी बुचे ठोकून बुजवलेली. तिथे खुंट्या होत्या. जाळी ठोकल्याच्या खिळ्यांच्या खुणा होत्या. टॅम्सिन बराच वेळ त्या खाचांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “ज्यानं हे केलं त्याला सगळं माहीत होतं. मी सांगितलं असतं तर असंच सांगितलं असतं. मग वरनं हे थर कोणी फासले?” मी म्हणालो, वारा फार आहे, ऐकू येत नाही. वारा नव्हता. तिने माझ्याकडे एकदा पाहिले, आणि पुन्हा विचारले नाही. तासाभरात आम्ही सोळा नव्या खुंट्या बसवल्या, जाळी ठोकली आणि पहिल्या चार जाड काठ्या तारेने बांधून दिल्या. त्या चारही डेल्फिनने पुढच्या दोन दिवसांत सोडवून आपल्या पसंतीच्या जागी हलवल्या. पण पडल्या नाहीत.

जुलैअखेर तीन अंडी झाली. क्लबमध्ये गेल्या वर्षी जे सुतक पाळले गेले नव्हते ते यंदा डोहाळे म्हणून पाळले गेले. चेंडूवर चेंडू आपटला तर टाळ्या वाजवण्यास मनाई. खांबाखालच्या तीन पट्ट्यांवर खेळ बंद. संध्याकाळचे दिवे बंद. पांढऱ्या गणवेशातले सत्तरीचे गृहस्थ घड्याळ लावून पाळीपाळीने खुर्ची टाकून बसू लागले आणि वहीत नोंदी करू लागले. ‘सकाळी ९.१०, बर्टने मासा आणला, डोके नव्हते.’ डोके तो वाटेतच खातो. तो त्याचा मेहनताना. ‘दुपारी १.४०, डेल्फिनने टेरीची टोपी नेली.’ हे अक्षरशः सत्य आहे. क्लबची अधिकृत, चिन्हांकित टोपी बाकावरून उचलून तिने घरट्यात अंथरली, आणि टेरी सर्वांना सांगत सुटला आहे की त्याच्या डोक्याचा शेवटी काहीतरी उपयोग झाला. हिरवळीविषयी विचारशील तर, तुझ्या पश्चात मंगळवारी एक कंत्राटी इसम येतो, यंत्र फिरवतो आणि कोणाकडेही न पाहता जातो. चेंडू आता स्वतःच्या मतानुसार थांबतात.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन पिल्ले बाहेर आली. तिसरे अंडे तसेच राहिले. दुर्बिणीतून त्यांची डोकी दिसली तेव्हा नोलीनने मला मिठी मारली आणि लगेच, जणू मीच मारली असावी, तसे मला ढकलून दिले. मग वरच्या डोंगरात पाऊस पडला, नदी चहासारखी गढूळ झाली आणि बर्टला तीन दिवस पाण्यात काहीही दिसेना. तो खाडीवर जाई, सूर मारी, रिकाम्या पायांनी परत येई आणि डेल्फिन त्याच्याकडे पाठ करून बसे. धाकटे पिल्लू मुळातच लहान होते. तिसऱ्या दिवशी नोलीनने ताज्या बोई माशांनी भरलेले ताट हिरवळीवर नेऊन ठेवले आणि कमरेवर हात ठेवून वर ओरडली, “उचल ना रे मेल्या! आयतं वाढलंय, लाज कसली वाटते?” टॅम्सिनने तिला हलकेच बाजूला नेऊन सांगितले की तो उचलणार नाही, त्याला पाण्यातला हलणारा मासाच मासा वाटतो. नोलीन ताट घेऊन आत गेली, आणि त्या दिवशी क्लबमध्ये कोणालाही जेवण मिळाले नाही. गुरुवारी धाकट्याचे डोके वर दिसेनासे झाले. शुक्रवारी नदी निवळली, आणि बर्टने सकाळच्या सकाळी दोन मासे आणले. डेल्फिनने दोन्ही थोरल्याला भरवले. यावर मला काहीही चतुर सुचले नाही. मी तुझ्या शेडच्या पायरीवर जाऊन बसलो, कारण तिथे कोणी येत नाही.

आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी तोच वारा पुन्हा आला. तीच पश्चिम, तीच दुपार, उसाच्या शेतांवरून तीच धूळ. कोणी कोणाला बोलावले नाही, पण तीन वाजता पार्किंगमध्ये चाळीस माणसे उभी होती, टोप्या हातात, बायका ओढण्यांसारखे रुमाल डोक्याला बांधून. खांब वाकत होता आणि सरळ होत होता. वरच्या बारीक काटक्या एकेक उडाल्या. टेरीची टोपी उडाली आणि तिच्याकडे कोणी पाहिलेही नाही, टेरीनेसुद्धा. डेल्फिन पिल्लावर पंख पसरून, झाकण ठेवावे तशी सपाट पडली होती. एकदा सगळे घरटे एका बाजूने उचलल्यासारखे झाले, आणि माझ्या शेजारी नोलीनने माझा दंड असा धरला की चार बोटांचे वळ आठवडाभर होते. ते उचलले, आणि पुन्हा बसले. सरकले नाही. साडेपाचला वारा पडला. डेल्फिन उठली, अंग झाडले, कडेची एक काठी एक इंच डावीकडे सरकवली, आणि चाळीस माणसे रडत हसली. मी हसलो नाही. नोलीनने ते पाहिले. माणसे पांगल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली आणि ‘साहेब’ वगैरे काही न लावता म्हणाली, “क्लेम, टॅम्सिननं मला त्या खाचांचं सांगितलंय. जूनपासून वाट बघतेय मी. तू सांगणार आहेस, की मी सांगू?”

मी पाच आठवडे घेतले. माझी योजना अशी होती की पिल्लू उडाले की तुला लिहावे. शुभवार्तेच्या पंखाखाली दडून बाकीचे हळूच सरकवावे. परंतु चार दिवसांपूर्वी ते कडेवर उभे राहून पंख मारताना वीतभर वर गेले, घाबरून खाली बसले, आणि मला कळून चुकले की मी त्याच्या उडण्याची वाट पाहतो आहे ती त्याच्यासाठी नव्हे. म्हणून आताच लिहितो, ते उडो वा न उडो. उद्घाटनाच्या आदल्या शनिवारी तू मला मचाण दाखवलेस, खाचांसह, खुंट्यांसह, जाळीसह. मी म्हणालो, “हे खाटकाच्या ओंडक्यासारखं दिसतंय, रॉली.” तू म्हणालास, “दिसण्याचं पक्ष्याला काय करायचंय? त्याला पकड लागते,” आणि घरी गेलास. रविवारी क्लब बंद होता. मी शेड उघडली, जाळी उपटली, खुंट्या काढल्या, भोके बुजवली, पुट्टी भरली, पॉलिशपेपर मारला आणि संध्याकाळपर्यंत पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, कारण सोमवारी नगराध्यक्षा येणार होत्या आणि आपल्या आवारात खडबडीत असे काही उभे राहणार ही कल्पना मला सोसवेना. सोमवारी क्रेन सुरू होऊन उभी होती तेव्हा तू मला विचारलेस, “हे कोणी केलं?” आणि मी म्हणालो, “मंडळानं ठरवलं.” मंडळाने काहीही ठरवलेले नव्हते. मंडळाला परवापर्यंत माहीतही नव्हते. त्या शुक्रवारी हसणाऱ्या साठ माणसांपैकी एकालाही ठाऊक नव्हते, रॉली. आणि तुला वाटत राहिले की सगळ्यांना ठाऊक आहे, सगळ्यांनी मिळून तुझे काम पुसले आणि वर सगळे मिळून तुला हसले. गेले चौदा महिने तू तिथे, मेंढ्यांमध्ये, ते साठ चेहरे घेऊन बसला आहेस. त्यांतला चेहरा खरा एकच होता, आणि ध्वनिवर्धक त्याच्याच हातात होता. परवाच्या सर्वसाधारण सभेत मी हे उभा राहून सांगितले, एकही विशेषण न वापरता. चार मिनिटे लागली. मग टेरी म्हणाला, “तीस वर्षं होता तो इथं, आणि आपण त्याला एकदा विचारलंसुद्धा नाही?” मी राजीनामा पुढे केला, तो नोलीनने उचलून माझ्याच खिशात कोंबला. “असा सुटणार होय? रॉली परत येईपर्यंत हिरवळीवरचं तण उपटायचं, गुडघ्यांवर बसून, हातानं. इतिवृत्तात लिहून घे!” ठराव एकमताने संमत झाला, मी स्वतःच्या हाताने लिहून घेतला, आणि आज तिसरा दिवस आहे; माझे गुडघे तुला मनःपूर्वक नमस्कार सांगतात. क्षमा मागण्याची रीत मला येत नाही, कारण आजवर जिथे ती मागायची तिथे मी विनोद केला. तू ती देशील असे गृहीत धरण्याचा उद्धटपणाही करत नाही. एवढेच सांगतो की तुमच्याकडून येणारी बस गुरुवारी साडेचारला पोस्टासमोर थांबते. येत्या गुरुवारी मी तिथे असेन. तू उतरला नाहीस तर पुढच्या गुरुवारी असेन, आणि त्याच्या पुढच्याही. उतरलास, तर मी काहीही बोलणार नाही. हे मला जमेल यावर गावात कोणाचाही विश्वास नाही, तेव्हा निदान ते पाहायला तरी ये.

तुझाच,
क्लेम